इन्सुलिन आणि ग्लुकोज : शरीरातील कार्य व मधुमेह

इन्सुलिन : रक्तातील ग्लुकोज स्नायू व मेदपेशींत जाऊ देणारे आणि यकृताच्या साखरनिर्मितीला आवर घालणारे संप्रेरक. जठरामागच्या स्वादुपिंडात पेशींचे छोटे पुंजके विखुरलेले असतात. पॉल लांगरहान्स याने १८६९ मध्ये त्यांचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांना लांगरहान्सची द्वीपके म्हणतात. त्यांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. ते ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन असल्याने पोटात गेले की पचून जाते. म्हणूनच सहसा सुई टोचावी लागते.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम साखर धरली, तर साऱ्या रक्तात ग्लुकोज भरते जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदूच दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो आणि त्यासाठी तो इन्सुलिनवर अवलंबून नसतो. साठा इतका लहान आणि उलाढाल इतकी मोठी, त्यामुळे हिशेब सतत सांभाळावा लागतो. जेवल्यावर साखर चढू लागली की बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. त्याचा इशारा मिळताच स्नायूपेशींच्या आतले ग्लुकोजवाहक पृष्ठभागावर येतात व साखर आत घेतात. यकृत जादा साखरेचे ग्लायकोजेन करून ठेवते. रात्री उलटे घडते. शेजारच्या अल्फा पेशींचे ग्लुकागॉन यकृताला तो साठा मोडायला लावते.

श्रमांनी आकुंचन पावणारा स्नायू मात्र इन्सुलिनच्या इशाऱ्याशिवायही हेच वाहक पृष्ठभागावर आणतो. डोंगर चढणाऱ्या, नांगर धरणाऱ्या माणसाला थोडक्या इन्सुलिनवर भागते ते यामुळे. आणि श्रम सुटले, खाणे तेच राहिले, की बीटा पेशींवरचा भार वाढतो.

आहारातील पिष्टाचे उदाहरण म्हणून उत्तर कन्नडमधील जोयडा तालुका घेता येईल. गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या या जंगली तालुक्यातील कुणबी शेतकरी मुडली, कोन, कणगी असे नाना कंद लावतात आणि हिवाळ्यात जोयड्याला कंदमुळांचा मेळा भरतो. कंदांविषयी दोन टोकांच्या समजुती आढळतात. जमिनीखालचे काही खाऊ नये ही एक, आणि रानचे-गावठी आहे, त्याने साखर वाढत नाही ही दुसरी. दोन्ही टाकून द्याव्यात. उकडलेल्या कोनात वजनाच्या सुमारे पाव हिस्सा पिष्ट असते, शिजलेल्या भातातही जवळपास तेवढेच, आणि त्या पिष्टाचे आतड्यात शेवटी ग्लुकोजच होते. फरक पडतो तो वेगात. तंतुमय भाग जास्त असला, कंद भाजण्याऐवजी उकडला, उकडून गार होऊ दिला, की साखर सावकाश चढते. रताळ्यात हा फरक ठळक दिसतो. तरीही ताटात किती घेतले, हेच अखेर महत्त्वाचे.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिनअभावी मेद जळून रक्तात आम्लधर्मी कीटोन साठतात, आणि उपचार न झाल्यास रोगी दगावतो. दुसऱ्या प्रकारात आधी पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. बीटा पेशी काही वर्षे जादा इन्सुलिन देऊन वेळ निभावतात आणि मग थकतात. साखर दर डेसिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही. ती लघवीत उतरते व सोबत पाणी ओढून नेते. वारंवार लघवी आणि तहान लागते ती यातून. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीए१सी (साखर चिकटलेले हिमोग्लोबिन) ६.५ टक्के किंवा त्यापुढे, हा निदानाचा निकष आहे. सिकलसेलसारखा हिमोग्लोबिनदोष असल्यास एचबीए१सी चाचणी फसवू शकते.

मधुमेह हा लठ्ठांचा रोग, ही समजूत पुण्यात मोडीत निघाली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील बाळांच्या मानाने हडकुळी. पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू, म्हणजे साखर जिरवणारी जागाच. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये याज्ञिक व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचा देहभार निर्देशांक २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तराजूवर सारखी उतरणारी दोन शरीरे आतून किती वेगळी असतात, हे याहून नेमके क्वचितच दाखवले गेले असेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. जोयड्याला खेटून असलेल्या गोव्यात ते २६.४ टक्के, राज्यांत सर्वाधिक.

टोरांटोत १९२१ मध्ये बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या मधुमेही लिओनार्ड थॉम्पसनला ते टोचण्यात आले. पहिल्या अशुद्ध मात्रेने विशेष गुण आला नाही. त्यांचा सहकारी कॉलिप याने शुद्ध केलेल्या अर्काने आला. आज जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंकडून वा किण्वांकडून मानवी इन्सुलिन करवून घेतात.

इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवतात. गोठलेली वापरत नाहीत. वापरातली कुपी उन्हापासून दूर साधारण चार आठवडे टिकते. फ्रिज नसलेल्या किंवा वीज वरचेवर जाणाऱ्या वस्तीत मडक्यात ओली वाळू, वाळूत लहान मडके व त्यात पिशवीत गुंडाळलेली कुपी असा उपाय चालतो. दमट पावसाळ्यात तो फारसा गारवा देत नाही, पण तेव्हा गरजही कमीच असते. खरा धोका सिरिंजचा. भारतात मिलिलिटरला ४० एककांच्या कुप्या सर्रास मिळतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १०० एककांच्या कुपीची नारिंगी टोपणाची. १०० च्या कुपीतले औषध लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात ५० एकक जातात. घाम, थरथर, कासावीस भूक ही साखर उतरल्याची चिन्हे दिसताच तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे लागते.