स्प्रिंग-आधार, मोटारगाडीचा पुढील

मोटारगाडीचा सांगाडा आणि पुढची चाके यांच्यामध्ये बसविलेल्या स्प्रिंगा, भुजा व धक्काशोषक यांच्या जुळणीस पुढील स्प्रिंग-आधार म्हणतात. रस्त्याचा धक्का शोषणे, चाक रस्त्याला टेकलेले ठेवणे व सुकाणूच्या हालचालीस वाव देणे ही त्याची कामे होत. सांगाड्याची जमिनीपासूनची उंचीही त्याच्यावरच ठरते. महाराष्ट्रात, विशेषतः काळ्या जमिनीच्या प्रदेशात, जुन्या गाड्यांची पुढची बाजू उंच करून घेण्याचा जो प्रघात पडला, त्याचे कारण या शेवटच्या गोष्टीत आहे.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंडा तालुका सीना नदीच्या खोऱ्यात येतो. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील कच्च्या वाटेत बैलगाडीच्या लोखंडी धावांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये उंचवटा राहतो. बैलगाडीला त्याची अडचण नसते. तिचा आस उंच असतो व तिला स्प्रिंगही नसते. स्प्रिंगेवाचून अवजड ओझे नेण्याचा या भागातील सर्वांत प्रसिद्ध दाखला म्हणजे मलिक-इ-मैदान ही तोफ. ती १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यावर होती व १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. तिचे वजन सु. ५५ टन सांगतात आणि ती ओढण्यास शेकडो बैल व काही हत्ती लागल्याची आख्यायिका आहे. मोटारगाडीचे तसे नाही. एंजिनाखालील तेलाचे पात्र आणि पुढचा आडवा दांडा हे तिचे सर्वांत खालचे भाग असून चाकोऱ्यांमधील उंचवट्यावर प्रथम तेच घासतात. पात्र फुटले तर तेल वाहून जाते व एंजिन निकामी होते.

घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पोलादी कमानींचे एकस्व ओबडाया इलियट यांनी १८०४ मध्ये इंग्लंडात मिळविले. पाट्यांच्या या कमानीच पुढे मोटारगाडीत आल्या. फोर्ड कंपनीच्या 'टी' नमुन्यात (१९०८–२७) पुढच्या अखंड आसावर एकच आडवी कमान होती. तिची जमिनीपासूनची उंची भरपूर असल्याने ती गाडी खेड्यापाड्यांच्या वाटांवर सहज चाले. अखंड आसाचा दोष असा की, एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यालाही पोहोचतो आणि वेग वाढला की पुढची चाके थरथरू लागतात. लान्सिया कंपनीने १९२२ मध्ये 'लाम्ब्डा' गाडीत दोन्ही चाके स्वतंत्रपणे आधारली. जनरल मोटर्स कंपनीने मॉरिस ऑली या अभियंत्याच्या प्रयोगांच्या आधारे १९३४ च्या नमुन्यांत स्वतंत्र आधार आणला. गाडी सुखकर झाली, पण त्याबरोबर बुटकीही होत गेली. तिच्या आखणीत गृहीत धरलेला रस्ता डांबरी होता, ही गोष्ट आपल्याकडे फार उशिरा ध्यानात आली.

जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना काढला. देशी उद्योगाची सुरुवात मात्र सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्याकडे जाते. बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गबांधणीच्या कंत्राटाने व्यवसायास आरंभ केलेल्या या उद्योगपतीने १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ला येथे होता. तेथे प्रथम क्रायस्लर कंपनीच्या व पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. फियाट ११०० ही गाडी १९५४ पासून, तर तिचा 'डी' नमुना १९६४ पासून निघाला. याच नमुन्याला १९७० नंतरच्या दशकात 'प्रीमिअर पद्मिनी' हे नाव मिळाले. हिच्या पुढे दोन आडव्या दुभुजा व मळसूत्री स्प्रिंग, तर मागे अखंड आस व पाट्यांच्या कमानी होत्या. तिची समकालीन अँबॅसडर (१९५७) हिच्या पुढील आधारात स्प्रिंगेऐवजी पिळदांडे होते. उत्तरपाडा येथील या गाडीला ग्रामीण भागात अधिक पसंती मिळण्यात त्यांचा वाटा थोडा नसावा.

कारण उंची वाढविण्याच्या दृष्टीने पिळदांड्याची सोय निराळीच आहे. दांड्याच्या टोकाला दाते असतात. भुजा एक दाता सरकवून बसविली की गाडी उचलली जाते. दांड्यावरील भार तोच राहत असल्याने त्याचा ताठरपणा बदलत नाही, केवळ आरंभीची स्थिती बदलते. मळसूत्री स्प्रिंगेच्या बाबतीत तिच्या बुडाशी रबराची किंवा धातूची चकती घालतात. स्प्रिंग चाकापासून आत, भुजेच्या मध्याच्या आसपास टेकत असल्यास १ सेंमी. जाडीच्या चकतीने गाडी सु. २ सेंमी. उंच होते. हे न जाणता जाड चकती घालण्याची चूक कार्यशाळांत नेहमी घडते. जीपगाडीसारख्या अखंड आसाच्या वाहनात कमानीत एक पाटा वाढवितात किंवा आसाखालील कमान आसावर घेतात. मुंबईत १९४७ पासून जुळविल्या जाणाऱ्या जीपगाड्यांना मुळातच उंची असल्याने याची गरज क्वचितच पडे.

उंचीची किंमत द्यावी लागते. पद्मिनीच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २.३४ मी. आहे. केवळ पुढची बाजू ४ सेंमी. उचलली, तर सांगाडा सु. १ अंशाने मागे कलतो. चाकाच्या सुकाणू-आसाचा मागचा कल तेवढाच वाढून सुकाणू जड होते. दिव्यांचा झोतही २५ मी. अंतरावर सु. ४३ सेंमी. वर जाऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. दुभुजा खाली झुकल्याने चाकांचा आतबाहेरचा कल बदलतो, सुकाणूचे दुवे तिरपे होतात, टायर एका कडेने झिजतात. चाक खाली उतरण्यास उरलेली वाट कमी झाल्यामुळे खड्ड्यावर धक्काशोषक पूर्ण ताणला जाऊन आपटतो. गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी अधिक कलते. म्हणून उंची वाढविल्यावर चाकांची जुळणी व दिव्यांची दिशा नव्याने ठरविणे अगत्याचे असते.

पुष्कळदा मुळात उंची वाढविण्याची गरजच नसते. एंजिनाचा भार सतत पुढे असल्याने स्प्रिंगा वर्षानुवर्षे दबून 'बसतात' आणि मालकाला गाडी बुटकी वाटू लागते. अशा वेळी मूळ मापाची नवी स्प्रिंग घालणे हाच योग्य उपाय. चकती हा तात्पुरता आधार होय. चकती घालण्यापूर्वी दोन्ही बाजूंची उंची सपाट फरशीवर मोजून मूळ मापाशी ताडून पाहण्याची साधी खबरदारीही पुष्कळ कार्यशाळांत घेतली जात नाही.

१९७२–७३ च्या दुष्काळातील कामांतून आणि पुढे रोजगार हमी योजनेतून मराठवाड्यात मुरूम-खडीचे अनेक रस्ते झाले व कालांतराने डांबरीकरण वाढले, तशी या प्रघाताची निकड ओसरली. मुंबईतील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. आता या गाड्या मुख्यतः संग्राहकांच्या हाती असून प्रश्न उलटा झाला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदणी होण्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी लागते. सांगाडा, बाह्य कवच वा एंजिन यांत मोठा बदल चालत नाही. बुडाशी घातलेली चकती काढून टाकता येते. उंचीसाठी सांगाड्याचा आडवा दांडा कापून पुन्हा जोडलेला असल्यास मात्र अशा गाडीची या वर्गात नोंदणी होणे कठीण ठरते.