डीजेचे मिक्सिंग : साधे आणि कल्पक

आपल्याकडे ‘डीजे’ या शब्दाचा अर्थ जरा घसरला आहे. वरातीपुढच्या टेम्पोवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीलाच लोक डीजे म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच डॉल्बी म्हणतात. मूळ शब्द मात्र माणसाचा आहे. डिस्क जॉकी म्हणजे तबकड्या वाजवणारा. एक गाणे संपवून दुसरे सुरू करताना नाचणाऱ्याचा पाय थांबू न देणे हे त्याचे काम, आणि त्यालाच मिक्सिंग म्हणतात. आमच्या मंडळातल्या घरांतली मुले लग्नसराईत हे काम करतात आणि मोठी माणसे त्यांना सुपारी देतात. दोघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती येथे देत आहोत.

क्लबमधल्या डीजेपुढे बहुधा एकाच चालीची, यंत्रावर बांधलेली गाणी असतात. खटकचिंचोळी, भालकी, बसवकल्याण किंवा तिकडे आळंदकडच्या वरातीत तसे नसते. नवऱ्याचे मित्र मराठी मागतात, नवरीकडचे कन्नड, कोणाला हिंदी हवे असते, कोणाला दखनी. हलगीच्या ठेक्यावरून कन्नड चित्रपटगीतावर आणि तेथून भीमगीतावर जावे लागते. एकाचे गाणे ऐन कडव्यात तोडून दुसऱ्याचे लावले, की ते नुसते वाईट मिक्सिंग राहत नाही. सीमाभागात त्याचा अर्थ वेगळा घेतला जातो, आणि मग समजूत काढायला वडीलधाऱ्यांना पुढे व्हावे लागते.

साधे मिक्सिंग म्हणजे तीन गोष्टी. पहिली, लय जुळवणे. मिनिटाला किती ठोके पडतात त्याला बीपीएम म्हणतात. दोन्ही गाण्यांचे बीपीएम सारखे करून ठोक्यावर ठोका बसवायचा. न्यूयॉर्कच्या सँक्चुअरी क्लबात फ्रान्सिस ग्रासो हे साठच्या दशकाअखेर नुसत्या कानाने करत असे. पुढे १९७२ साली टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल आला आणि त्याच्या नंतरच्या आवृत्तीवर वेग साधारण ८ टक्के कमी-जास्त करता येऊ लागला. ही ८ टक्क्यांची मर्यादा आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. १०० बीपीएमचे गाणे १०८ पर्यंत ओढले तर चालते. १२६ पर्यंत ओढले की सूर कायम ठेवणारे बटण असूनही गायक घाईत असल्यासारखा वाटतो.

दुसरी गोष्ट जागा पाहण्याची. बहुतेक नाचाची गाणी आठ-आठ ठोक्यांच्या ओळींनी बांधलेली असतात आणि बत्तीस ठोक्यांनी काहीतरी बदलते : ध्रुपद येते, नाहीतर वाद्य येते किंवा जाते. १२० बीपीएमला बत्तीस ठोके म्हणजे बरोबर १६ सेकंद. नवे गाणे या जोडावर आणले तर ते आपोआप आल्यासारखे वाटते. तबला शिकलेल्या मुलांना हे सांगावे लागत नाही. सम चुकली की त्यांचा चेहराच सांगतो.

तिसरी गोष्ट खर्जाची. दोन गाण्यांचे ढोल एकाच वेळी वाजू द्यायचे नाहीत. सारख्या जोराचे दोन ठोके अगदी एकावर एक पडले तर आवाज ६ डेसिबलपर्यंत चढतो. त्याने ॲम्प्लिफायर फाटतो, स्पीकर जळतात आणि समोरच्याच्या छातीवर मार बसतो. म्हणून नव्या गाण्याचा बास आधी बंद ठेवावा आणि जोडावर जुन्याचा बंद करून त्याच क्षणी नव्याचा उघडावा. एवढे जमले तरी रात्र निभते. आमच्या मते दहापैकी आठ कार्यक्रमांना यापेक्षा जास्त काही लागत नाही.

साधेपणात कमीपणा मानू नये. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर गोवा गिल आणि त्याच्या बरोबरीचे डीजे तबकड्यांऐवजी कॅसेट आणि पुढे डॅट टेप वापरत, कारण उन्हात आणि प्रवासात तबकड्या वाकत. टेपवर वेग जुळवायची फारशी सोय नव्हती. मग गाण्यांचा क्रम आणि लांब सुरुवाती यांवरच त्यांनी रात्रभर लोकांना नाचवले. गोवा ट्रान्स नावाने जगभर गेलेले संगीत अशा पार्ट्यांतूनच वाढले. क्रम लावणे हीच त्यात कला होती.

कल्पक मिक्सिंगची सुरुवात सांगायची तर ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समध्ये कूल हर्कने केलेल्या पार्टीचे नाव घेतात. गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा लोकांना जास्त आवडतो हे ओळखून तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून वाजवी आणि तो तुकडा लांबवी. आजचा लूप म्हणजे तेच. त्यानंतर स्क्रॅचिंग, एकाच्या चालीवर दुसऱ्याचे शब्द बसवणे, एको देऊन झटक्यात कापणे अशा पुष्कळ युक्त्या निघाल्या. स्क्रॅचिंग वरातीत फारसे कोणाला ऐकूही येत नाही, त्याबद्दल येथे लिहीत नाही.

आपल्याकडे कल्पकता खरी लागते ती दोन ठिकाणी.

एक, जुनी गाणी. प्रल्हाद शिंदे यांच्या काळातली ध्वनिमुद्रणे ढोलकी-तबल्याच्या जिवंत साथीवर झाली आहेत. माणूस वाजवतो तेव्हा लय किंचित हलते. ध्रुपदाला ती चढते, कडव्याला बसते. संगणकाचे सिंक बटण मात्र लय शेवटपर्यंत एकसारखी धरून चालते आणि अर्ध्या मिनिटात ठोके सुटतात. यावर उपाय असा : जुन्या गाण्याच्या शेवटच्या वाद्यसंगीतातले चार किंवा आठ ठोके लूपमध्ये धरावेत. फिरत्या तुकड्याची लय स्थिर असते. त्यावर नवे गाणे बसवावे, मग लूप हळूहळू काढून घ्यावा. गायकाचा शेवटचा शब्द पूर्ण झाल्याशिवाय लूप धरू नये.

दोन, तिनाची चाल आणि दोनाची चाल. गोंधळाचा संबळ आणि लोकगीतांचे कितीतरी ठेके सहा मात्रांत झुलतात. चित्रपटातली नाचाची गाणी बहुतेक चारांत चालतात. बीपीएमचा आकडा सारखा केला तरी आतल्या मात्रा एकमेकींना लाथा मारतात. पण हिशेब केला तर वाट सापडते. सहा मात्रांच्या ठेक्यात मिनिटाला ८४ मोठे ठोके असतील, तर प्रत्येकात तीन याप्रमाणे २५२ लहान मात्रा होतात. त्याच मात्रा दोन-दोनाने मोजल्या की १२६ ठोके होतात, म्हणजे नाचाच्या गाण्याची नेहमीची लय. तबलजी ज्याला आड म्हणतात तीच ही दीडपट. संबळाचा लूप चालू ठेवून त्यावर १२६ चा ढोल हळूच आणला, की ऐकणाऱ्याचा पाय स्वतःच चाल बदलतो. हे मात्र घरी शंभरदा करून पाहावे. मंडपात पहिल्यांदा करू नये.

हळदीला आणि जेवणाच्या वेळी या कसरती नकोत. तेव्हा गाणे पूर्ण वाजवावे आणि आवाज माणसांच्या बोलण्याखाली ठेवावा.

आवाजाचे नियमही कामाचाच भाग आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सण-उत्सवासाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, तीही वर्षात १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. भिंतीएवढे स्पीकर ही मर्यादा पहिल्याच मिनिटाला ओलांडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुपारी देताना आवाज किती आणि बंद किती वाजता, हे आधीच बोलून घ्यावे. परवानगी कोणी काढायची तेही ठरवावे, नाहीतर पोलीस आल्यावर डीजेवाला यजमानाकडे बघतो आणि यजमान डीजेवाल्याकडे.

आणखी एक गोष्ट आम्हांला आग्रहाने सांगायची आहे. परण्याला हलगीवाले बोलावले असतील तर त्यांच्यावर डीजे चढवू नये. हलगी रंगात आली की वेग वाढतो, तो यंत्राला पकडता येत नाही, आणि पकडायचेही नाही. हलगी वाजेपर्यंत डीजेने गप्प बसावे. हलगीवाल्याने खूण केली की शेवटच्या ठोक्याची लय बोटाने टॅप बटणावर मोजून घ्यावी आणि त्याच लयीचे गाणे लावावे. ते मराठी असो की कन्नड, हलगीनंतर सगळेच त्यावर नाचतात.