सत्यान्वेषी व्योमकेश

बासू चटर्जी दिग्दर्शित ‘व्योमकेश बक्षी’ ही मालिका १९९३ मध्यें दूरदर्शनवर दाखविण्यांत आली. तिचें मूळ शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या १९३२ पासूनच्या बंगाली कथांत आहे. ह्या नायकास ‘डिटेक्टिव्ह’ हें नांव रुचत नाहीं; तो स्वतःस सत्यान्वेषी म्हणवितो. हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. ‘आदिम रिपु’ ह्या कथेंत, दंगलींच्या छायेंतील कलकत्त्यांत झालेल्या एका खुनाचा उलगडा होतो; परंतु सत्य हातीं आल्यावरही व्योमकेश गुन्हेगारास पोलिसांच्या स्वाधीन करीत नाहीं. सत्य शोधणें हें त्याचें कर्तव्य. शासन करविणें हा विवेकाचा प्रश्न. शरदिंदूंचें उत्तरायुष्य ज्या पुण्यांत गेलें, तेथील जुनीं दप्तरें चाळणारा संशोधक तरी दुसरें काय करतो? मृतांस शिक्षा देतां येत नाहीं. त्यांच्याविषयींचें सत्य मात्र सांगतां येतें.