ऊद-कस्तुरी (अत्तर)

ऊद-कस्तुरी हे अगरूच्या राळयुक्त लाकडाचे तेल आणि कस्तुरीचा गंध यांच्या मेळातून सिद्ध होणारे गडद, उष्ण प्रकृतीचे व दीर्घकाळ दरवळणारे अत्तर आहे. अरबस्तान, इराण व भारतीय उपखंडात ते प्रतिष्ठेचे मानले जाते. महाराष्ट्रात मुंबईच्या मोहम्मद अली मार्गावरील अत्तरांच्या पेढ्यांपासून पालघर जिल्ह्यातील बोईसर-सालवडसारख्या औद्योगिक वसाहतीलगतच्या बाजारांपर्यंत या नावाच्या कुप्या विकल्या जातात. नाव एकच असले तरी कुपीतील द्रव्य मात्र सर्वत्र एक नसते.

नाव आणि संभ्रम

मराठी वाचकाचा पहिला गोंधळ 'ऊद' या शब्दापाशी होतो. अरबी भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ लाकूड असा आहे. त्यावरून तो अगरूच्या सुगंधी लाकडाला आणि त्याच नावाच्या तंतुवाद्यालाही लागला. मराठीत मात्र ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकून जाळायची, लोबानाच्या जातीची राळ. तिन्हीसांजेला घरात फिरवतात तो हाच ऊद. हिंदी भाषक 'अगरबत्ती' म्हणतात, तेथे आपण 'उदबत्ती' म्हणतो. एकाच वस्तूच्या या दोन नावांत अगरू आणि ऊद शेजारी येऊन बसले आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उदमांजर हा प्राणी तर निराळाच. त्याचा अगरूशी संबंध नाही.

'कस्तुरी'चेही तसेच आहे. लताकस्तुरी ही भेंडीच्या कुळातील वनस्पती असून तिच्या बियांना कस्तुरीसारखा वास येतो. जवादी कस्तुरी हा जवादी मांजराचा स्राव होय. कस्तुरी मेथी ही केवळ वाळवलेली पालेभाजी. खरी कस्तुरी कस्तुरीमृगाची. इंग्रजीतील 'मस्क' हा शब्द फारसी 'मुश्क'वरून आला आणि 'मुश्क'चे मूळ संस्कृत 'मुष्क' म्हणजे वृषण या शब्दात मानतात. कस्तुरीच्या ग्रंथीचा आकार पाहता हे नाव समर्पक आहे.

अगरू

ईशान्य भारतात, विशेषतः आसामात वाढणाऱ्या ॲक्विलारिया वंशातील वृक्षांपासून अगरू मिळतो. निरोगी झाडाचे लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ निर्गंध असते. खोड पोखरणारी अळी किंवा अन्य इजा यांमुळे झाडाला जखम होते, तीत बुरशीचा शिरकाव होतो आणि त्याला प्रतिकार म्हणून झाड काळसर राळ स्रवते. हे राळेने भरलेले लाकूड म्हणजे अगरू. उत्तम प्रतीचा अगरू इतका जड असतो की पाण्यात बुडतो. लाकडाचे तुकडे करून ते दीर्घकाळ पाण्यात भिजवतात व नंतर ऊर्ध्वपातनाने तेल काढतात. भिजवण्याच्या कालावधीनुसार तेलात कमीअधिक आंबूस, गोठ्यासारखी वाटणारी छटा उतरते. नवख्याला ती खटकते, जाणकार मात्र तीच शोधत असतात.

आसाममधील होजाई येथील हाजी अजमल अली यांनी १९५०च्या सुमारास मुंबईत येऊन सुरू केलेल्या व्यवसायातून आजची 'अजमल' ही अत्तर कंपनी उभी राहिली. आसामचा अगरू मुंबईमार्गे आखाती देशांत पोहोचवणाऱ्या व्यापाराचे हे ठळक उदाहरण होय.

कस्तुरी

हिमालयातील नर कस्तुरीमृगाच्या पोटाखाली, बेंबी व जननेंद्रिय यांच्या मध्ये असलेल्या ग्रंथीत कस्तुरी साठते. एका ग्रंथीतून साधारण २५ ग्रॅम कस्तुरी निघते आणि तेवढ्यासाठी प्राण्याची हत्या केली जात असे. सापळ्यात माद्या व पाडसेही सापडत, त्यांच्याजवळ तर कस्तुरी नसतेच.

जर्मन रसायनज्ञ आल्बर्ट बाऊर यांना १८८८मध्ये स्फोटक द्रव्यांवर काम करताना कस्तुरीसारखा वास असणारे संयुग योगायोगाने गवसले. नैसर्गिक कस्तुरीतील मुख्य गंधद्रव्य मस्कोन हे १९०६मध्ये वेगळे केले गेले. लेओपोल्ड रुझिका यांनी १९२६मध्ये त्याची रचना उलगडली. पंधरा कार्बनांचे एवढे मोठे वलय तोवर अशक्यप्राय समजले जाई. रुझिका यांना १९३९मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या अत्तरांतील कस्तुरीगंध हा प्रायः कारखान्यात घडवलेलाच असतो.

महाराष्ट्रातील परंपरा

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये विलेपनादी सुगंधांचा विचार आहे. गंधशास्त्रावरील 'गंधसार' हा गंगाधराचा ग्रंथ आणि अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी अभ्यासकांपुढे आणले. 'गंधवादा'वर जुन्या मराठीत टीका आहे. अत्तर घडवण्याची कृती मराठीत समजावून सांगणारी ही टीका भाषेच्या अभ्यासकांनीही वाचावी अशी आहे. मराठीच्या वर्गांत तिचा उल्लेख क्वचितच होतो. हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९८९मध्ये प्रसिद्ध झाले.

पूजेतील अष्टगंधाच्या अनेक पाठांत अगरू व कस्तुरी दोन्ही येतात. अर्वाचीन काळात १९२२मध्ये स्थापन झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी गंधद्रव्यांच्या निर्मितीत अग्रेसर ठरली.

कोणाला शोभते

विक्रेते हे अत्तर 'भारदस्त', 'गंभीर', 'राजेशाही' व्यक्तिमत्त्वाचे असल्याचे सांगतात. जुन्या शास्त्रांनी गंध माणसाच्या स्वभावाआधी ऋतूशी व प्रकृतीशी जोडला होता. चरकसंहितेतील ऋतुचर्येत हेमंतात अगरूचा दाट लेप सांगितला आहे, तर ग्रीष्मात चंदनाचा. युनानी वैद्यकातही कस्तुरी उष्ण व कोरड्या मिजाजाची मानली जाते. या हिशेबाने कोकणपट्टीतल्या दमट मे महिन्यात ऊद-कस्तुरी लावून लोकलच्या गर्दीत शिरणे हे प्रतिष्ठेचे नव्हे, अविचाराचे लक्षण ठरेल. थंडीतील सायंकाळ, लग्नसमारंभ, ईद हे त्याचे खरे प्रसंग. स्त्रीचे अत्तर व पुरुषाचे अत्तर हा भेदही येथे लागू पडत नाही. आखाती देशांत दोघेही ते वापरतात.

आणखी एक बाब व्यवहाराची आहे. काही व्यक्तींच्या नाकाला विशिष्ट कृत्रिम कस्तुरीगंध जाणवतच नाहीत. शिवाय अंगावरच्या वासाला आपले नाक लवकर सरावते. त्यामुळे लावणाऱ्याला अत्तर उडाल्यासारखे वाटते, आणि शेजारी बसलेल्याला मात्र ते असह्य झालेले असते. मनगटावर एक थेंब किंवा कानात एक फाया पुरेसा होतो.

कायदा व बाजार

कस्तुरीमृग वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे 'अस्सल मृगकस्तुरी' म्हणून विकली जाणारी वस्तू बहुधा नकली असते, आणि खरी निघाल्यास तिचा व्यापार हा गुन्हा ठरतो. अगरूचा वृक्ष आययूसीएनच्या यादीत अतिसंकटग्रस्त असून १९९५पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या नियंत्रणाखाली आहे. आसामात आता घराच्या परसात व मळ्यांत त्याची लागवड होते.

शुद्ध अगरूचे तेल तोळ्यावर विकले जाते व चांगल्या प्रतीच्या एका तोळ्याला हजारो रुपये पडतात. बोईसर स्थानकाबाहेर किंवा सालवडच्या बाजारात शे-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या कुपीत ते असणे शक्य नाही. तीत कृत्रिम गंधद्रव्ये व पातळ करणारे तेल असते. अशी कुपी वापरण्यात गैर काही नाही, विक्रेत्याने ती अस्सल म्हणून विकली नाही म्हणजे झाले. घेण्यापूर्वी एक थेंब कापसाच्या फायावर घेऊन तो रात्रभर उघडा ठेवावा व सकाळी पुन्हा हुंगावा. उत्तम अगरू दुसऱ्या दिवशीही टिकतो आणि मधल्या काळात त्याचा वास अनेकदा पालटतो. कृत्रिम ऊद बहुधा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात राहतो.