वजन कमी करण्याचं ऑपरेशन: एकाचं वजन उतरतं, दुसऱ्याचं परत का येतं?

आमच्या ओळखीच्या एका घरात दोन जावांनी काही महिन्यांच्या अंतराने बॅरिअॅट्रिक सर्जरी करून घेतली. ऑपरेशन एकाच प्रकारचं. दोन वर्षांनी थोरलीचे सगळे कपडे नव्याने शिवावे लागले, तर धाकटीच्या उतरलेल्या वजनापैकी जवळपास निम्मं परत आलं. घरातल्यांनी लगेच ठरवून टाकलं, हिचा तोंडावर ताबा नाही. खरं तर वजन किती उतरेल आणि किती टिकेल, हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं आणि त्यातल्या सगळ्याच रुग्णाच्या हातात नसतात.

पहिली गोष्ट ऑपरेशनचा प्रकार. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी निमुळती पिशवी ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच मंदावते. ‘बायपास’मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. वर्ष-दीड वर्षात स्लीव्हने साधारण २५ टक्के आणि बायपासने ३० टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं. म्हणजे ११० किलोच्या माणसाचे २७ ते ३३ किलो कमी होतात. तो ६० किलोचा होत नाही! आमच्या मते निम्मी निराशा इथेच जन्माला येते. ऑपरेशनआधी हा हिशोब कुणी नीट समजावलेलाच नसतो.

थोडं वजन परत येणं हाही शरीराचा स्वभाव आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्के राहिली. म्हणून तिसऱ्या वर्षी चार किलो वाढले तर ऑपरेशन फेल गेलं असं समजू नये.

मुळातच वजन फार असेल तर किलो जास्त उतरतात, पण माणूस तरीही जाडच दिसतो. कमी वयात घट थोडी बरी होते. मधुमेह असलेल्यांचं, विशेषतः इन्सुलिनवर असलेल्यांचं वजन तुलनेने कमी उतरतं. स्टेरॉइड आणि काही मानसिक आजारांवरची औषधं वजन वाढवतात. ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, सर्जनला दाखवायची. आनुवंशिकतेचाही वाटा आहेच.

आता खाण्याकडे येऊ. जठर लहान झालं की एका बैठकीला बिर्याणीची प्लेट संपत नाही, हे खरं. पण दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहिलं, तर लहान पिशवीतूनही पोटात भरपूर जातं. बिस्किट, फरसाण, मुलांच्या ताटातलं उरलेलं. गोड पातळ पदार्थ तर अडतच नाहीत: सरबत, फालुदा, कोल्ड्रिंक, दर तासाला साखरेचा चहा. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत तीन सवयी लावून घेणाऱ्यांचं वजन ठळकपणे जास्त उतरलेलं दिसलं: दर आठवड्याला वजन करणं, पोट भरल्यावर थांबणं आणि दिवसभर चरणं बंद करणं. आधी प्रथिनं खावीत (अंडं, मासे, चिकन, डाळ, दही), घास नीट चावावा, जेवताना पाणी पिऊ नये. आमच्याकडे दावतीत ‘अजून एक घास, आमच्या खातर’ म्हणणं ही मेहमाननवाजी समजली जाते. अशा माणसाला तो आग्रह कृपया करू नका.

रमजानबद्दल हमखास विचारलं जातं. पहिल्या काही महिन्यांत दिवसभर पाणी न पिणं धोक्याचं ठरू शकतं, कारण एका वेळी जास्त पाणी पिताच येत नाही आणि इफ्तारनंतरच्या थोड्या तासांत पाणी, प्रथिनं, गोळ्या सगळं बसवणं अवघड असतं. अनेक डॉक्टर पहिलं वर्षभर तरी थांबायला सांगतात. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहेच. कजाबद्दल आलिमांना विचारावं, तब्येतीबद्दल सर्जनला.

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल शंका असेल तर गोळी लिहून मागा, पण औषध सोडू नका. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायला सांगतात, हे नवीन लग्न झालेल्या मुलींच्या घरच्यांनीही लक्षात ठेवावं.

आणि तपासणी. जे नियमित जातात त्यांचं वजन जास्त टिकतं. धाकटी जाऊ सहा महिन्यांनंतर गेलीच नव्हती. दवाखाना दुसऱ्या शहरात, सोबत जायला कुणी मोकळं नाही. मधुमेहाची गोळी जुन्याच मात्रेत चालू राहिली. वजन उतरल्यावर ती जास्त पडू लागली, शुगर घसरायची, हात थरथरायचे आणि ती साखर नाहीतर बिस्किटं खायची, दिवसातून तीन-चारदा. यालाच घरचे हावरेपणा म्हणत होते. शेवटी थोरलीच तिला घेऊन गेली. गोळी बदलली, आहार नव्याने लिहून मिळाला. आता दोघी तपासणीची तारीख एकच घेतात.