उल्हास नदीचे पूर
राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातून ठाणे जिल्ह्यात जाते. भिवपुरी येथील टाटा जलविद्युत केंद्रातून (१९२२) बाहेर पडणारे आंद्रा खोऱ्याचे पाणी राजनाला कालव्याने तालुक्यातील उन्हाळी भातशेतीस मिळते. पावसाळ्यात मात्र पाणी संकट ठरते. घाटमाथ्यावरील अतिवृष्टीचे पाणी तीव्र उतारामुळे वेगाने खाली येते आणि नदीकाठची वस्ती, भातखाचरे व लोहमार्ग जलमय होतात. जुलै २००५ मध्ये या खोऱ्यात महापूर आला. २७ जुलै २०१९ रोजी वांगणी–बदलापूर दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. प्रवाशांना गाडीतून न उतरण्याची सूचना देण्यात आली. नंतर एक हजाराहून अधिक प्रवाशांची बोटींच्या साहाय्याने सुखरूप सुटका झाली.