प्रस्तावना: जनुके तीच, रूपे निराळी

शिस्टोसोमा मॅन्सोनी या चपट्या कृमीचे आयुष्य एकदा नीट पाहिले की जनुक-नियमन शिकायला वेगळे निमित्त लागत नाही. अंड्यातून गोड्या पाण्यात आलेली अळी गोगलगाय गाठते, तिच्या अंगात एकीच्या हजारो होतात. त्या दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या पुन्हा पाण्यात उतरतात आणि माणसाच्या कातडीतून थेट आत घुसतात. शेपटी गळते, अंगावरचे आवरण बदलते आणि आतड्याभोवतीच्या शिरांत नर-मादीचा संसार वर्षानुवर्षे चालतो. इतके अवतार, पण डीएनए तोच.

मादीचे तर आणखी नवल. ती नराच्या अंगावरच्या खोबणीत राहते. नर भेटलाच नाही तर तिची प्रजननेंद्रिये अपुरीच राहतात. जोडी जमली की मात्र दिवसाला सुमारे ३०० अंडी. नराकडून मिळणारा एक छोटासा रेणू नुसता दिला तरी मादी वयात येते, हे २०२२ मध्ये दिसून आले. आजार होतो तोही मुख्यतः यकृतात आणि आतड्यात अडकून पडणाऱ्या अंड्यांमुळे. म्हणजे अंडी घालण्याची जनुके कशी चालू-बंद होतात, हा प्रश्न सरळ रुग्णापर्यंत पोहोचतो. उपचाराची सारी भिस्त गेली काही दशके प्राझिक्वांटेल या एकाच औषधावर आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

शिस्टोसोमांमुळे होणारा हा रोग, म्हणजे शिस्टोसोमियासिस, दूर आफ्रिकेतला म्हणून सोडून देऊ नये. त्याच्या लघवीतून रक्त जाणाऱ्या प्रकाराचे एक केंद्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत असल्याची नोंद १९५२ सालची आहे.

आता जनुके गप्प करण्याच्या एका रीतीकडे, मिथिलीकरणाकडे, वळू. सस्तन प्राण्यांच्या डीएनएत सायटोसिनवर मिथिल गट बसतो आणि अनेक ठिकाणी जनुक गप्प होते. हे काम करणाऱ्या विकरांपैकी डीएनएमटी-१ आणि डीएनएमटी-३ शिस्टोसोमात नाहीत. आहे ते डीएनएमटी-२, ज्याचे खात्रीचे काम ट्रान्सफर-आरएनएवर मिथिल चढवण्याचे. तरीही २०११ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठाच्या गटाने या कृमीच्या डीएनएत मिथिलीकरण असल्याचे आणि मिथिलीकरण रोखणारे ५-ॲझासायटिडिन दिल्यावर अंडी घालणे बिघडत असल्याचे मांडले. दोनच वर्षांनी दुसऱ्या गटाने संपूर्ण जीनोम तपासला आणि ठरावीक नमुन्याचे मिथिलीकरण काही सापडले नाही.

हा वाद समजायचा तर मिथिल शोधण्याची बायसल्फाइटची रीत जवळून पाहायला हवी. बायसल्फाइटमुळे साध्या सायटोसिनचे युरासिल होते, मिथिल असलेले सायटोसिन तसेच राहते. मग वाचन करताना जिथे सायटोसिन शिल्लक दिसेल तिथे मिथिल होते, असे धरायचे. पण रसायन नीट लागलेच नाही, तर साधे सायटोसिनही न बदलता उरते आणि मिथिल असल्यासारखे दिसते. मिथिल भरपूर असलेल्या प्राण्यात एवढ्या-तेवढ्या चुकीने बिघडत नाही. जिथे ते जवळपास शून्य आहे, तिथे हीच चूक शोध म्हणून खपू शकते. ५-ॲझासायटिडिनचेही तसेच: ते आरएनएतही शिरते. ॲबरिस्टविथच्याच गटाने २०१८ मध्ये त्याचा परिणाम प्रथिननिर्मिती आणि मूलपेशी यांच्याशीही जोडला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण म्हणायला हवे.

माझे मत विचाराल तर तराजूचे पारडे 'सस्तन प्राण्यांसारखे मिथिलीकरण इथे नाही' या बाजूला झुकलेले आहे. त्याने विषय संपत नाही, उलट रंगतो. मिथिलविना इतके अवतार निभावणारा प्राणी आपली जनुके कशाने आवरतो? बरेच धागे हिस्टोनकडे, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांकडे, जातात. अळी माणसात शिरताना हिस्टोनवरच्या खुणा बदलतात. एचडीएसी-८ हे हिस्टोनशी निगडित विकर दाबून टाकले, तर उंदरांत कृमीही कमी सापडतात आणि अंडीही.

पुस्तक कुठूनही उघडले तरी चालेल, मात्र बायसल्फाइटचे प्रकरण कंटाळवाणे म्हणून गाळू नका. पुढच्या प्रत्येक प्रकरणातले आकडे तपासायला तेच लागेल.